आमच्या नगरपरिषदेचा सेवा-आढावा: एका जुन्या तपासनिसाचे परीक्षण

नगरपरिषदेच्या कारभारावर लिहायचे म्हटले की लोक पाणी, गटारे आणि खड्डे यांवर लिहितात, आणि त्यात वावगे काही नाही. या परीक्षणाचा विषय मात्र त्याहून एक पायरी आतला आहे. पाणी किती आले, तक्रार किती दिवसांत मिटली, दाखला मुदतीत मिळाला की नाही, याची मोजदाद नगरपरिषद स्वतः कशी करते, ती मोजदाद कोण तपासते आणि तपासल्यावर पुढे काय होते, एवढेच मी पाहिले. आमचे गाव पश्चिम महाराष्ट्रातले आणि नगरपरिषद ‘ब’ वर्गाची, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक आणि एक लाखापर्यंत लोकसंख्येची आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या कर्मचाऱ्यांनी मला मोकळेपणाने दप्तर दाखवले त्यांना त्याचा ताप होऊ नये. माझी सत्तावीस वर्षांची नोकरी एका सहकारी बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात झाली. शाखेत पाऊल टाकल्यावर व्यवस्थापकाचा चहा घेण्याआधी रोकड मोजायची आणि कीर्द उघडायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, आणि हे परीक्षण त्याच सवयीतून झालेले आहे.

जे चांगले चालते ते आधी सांगतो. दाखल्यांची खिडकी आता खरोखर सुधारली आहे. नातवाच्या जन्मदाखल्याचा अर्ज मी मंगळवारी दिला आणि गुरुवारी दुपारी दाखला हातात पडला. मधल्या काळात कोणाला फोन करावा लागला नाही, की ‘जरा बघा ना’ म्हणावे लागले नाही. खिडकीशेजारच्या फलकावर प्रत्येक सेवेपुढे मुदत लिहिलेली आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला यांना ३ दिवस, नळजोडणीला १५ दिवस, आणि त्यापुढे पदनिर्देशित अधिकाऱ्याचे, म्हणजे ती सेवा मुदतीत देणे ज्याच्यावर बंधनकारक आहे त्याचे, पद व पहिले-दुसरे अपील कोणाकडे करायचे ते. हे सगळे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे आले. त्याआधीही ‘नागरिकांची सनद’ नावाचा एक फलक त्याच भिंतीवर होता आणि त्यावरही मुदती होत्या, पण मुदत चुकल्यास काय, याचे उत्तर त्यात नव्हते. नव्या कायद्याने ते उत्तर दिले. मुदतीत सेवा न मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील करता येते, मग दुसरे, आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण ती नगरपरिषदेच्या तिजोरीतून न जाता माणसाच्या स्वतःच्या खिशातून जाते, आणि बँकेतला माझा अनुभव सांगतो की वसुली खिशाला लागली की नोंदी आपोआप वेळेवर होऊ लागतात. आमच्याकडे मुदत संपत आलेल्या अर्जांची यादी दर आठवड्याला मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जाते. संबंधित लिपिकाने मला ती दाखवली, तेव्हा त्यावर हिरव्या शाईने केलेल्या खुणा होत्या, म्हणजे ती यादी वाचली जाते.

या चांगल्या व्यवस्थेतही एक पळवाट मला दिसली आणि ती नोंदवणे भाग आहे. शेजाऱ्यांनी खरेदीखताच्या आधारे मालमत्तेवर नाव लावण्याचा अर्ज दिला होता. पंधरा दिवसांची मुदत. चौदाव्या दिवशी अर्ज ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ परत आला, आणि मागितलेला कागद अर्जाला पहिल्याच दिवशी जोडलेला होता. त्यांनी तो पुन्हा जोडला, काम पुढच्या पाच दिवसांत झाले, आणि मासिक विवरणात हा अर्ज दोनदा दिसला. एकदा ‘त्रुटी काढून परत’ म्हणून आणि एकदा ‘मुदतीत मंजूर’ म्हणून, दोन्ही वेळा निर्गत, म्हणजे काम संपलेले. मुदत कुठेच मोडली नाही. त्रुटी काढल्याचा दिवस आणि मुदत संपण्याचा दिवस यांतले अंतर दाखवणारा एकच रकाना त्या विवरणात वाढवला, तर ही क्लृप्ती पहिल्याच महिन्यात उघडी पडेल.

तरीही दाखल्यांच्या बाबतीत मी नगरपरिषदेला पाचपैकी चार गुण सहज देईन. खरी अडचण पुढे सुरू होते. लोकसेवा हक्काचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर चालू होते, आणि नगरपरिषदेच्या बहुतेक कामांना कोणी अर्जच करत नाही. नळाला दाब असावा, गटार वाहते असावे, दिवा संध्याकाळी लागावा, यासाठी रोज सकाळी अर्ज देणारा नागरिक कोठे असतो? ही कामे मोजायची तर तक्रारींवरून मोजावी लागतात किंवा प्रत्यक्ष जागेवर जाऊन. आमच्याकडे ती तक्रारींवरून मोजतात, आणि तक्रारींची मोजणी कशी होते ते मला माझ्याच घरामागच्या गटारीने शिकवले.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ते गटार तुंबले. मी नगरपरिषदेच्या ॲपवर छायाचित्रासह तक्रार टाकली, क्रमांक मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मागे जाऊन पाहिले तर गटार जसेच्या तसे. शेरा वाचला: ‘संबंधित विभागास कळविण्यात आले.’ मी पुन्हा तक्रार टाकली, तिला नवा क्रमांक मिळाला, आणि तीही त्याच शेऱ्यासह दुसऱ्या दिवशी बंद झाली. तिसऱ्या वेळी मी ॲपचा नाद सोडला आणि मुकादमाला रस्त्यात गाठले. त्यांनी दुपारी दोन माणसे पाठवली आणि गाळ निघाला. महिनाअखेरीच्या विवरणात माझ्या दोन तक्रारी होत्या, दोन्ही चोवीस तासांत निकाली. गटार ज्यांनी प्रत्यक्ष साफ केले त्या मुकादमांच्या कामाची नोंद मात्र कुठेच नव्हती, कारण त्यांच्याकडे तक्रार तोंडी आली होती. विचार केला तर हे मोठे विलक्षण आहे. काम न झाल्याने विवरणातली कामगिरी दुपटीने वाढली, आणि काम झाले ते विवरणाच्या बाहेर राहिले.

यात लिपिकाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर दोनच पर्याय आहेत, ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’. तक्रार आरोग्य विभागाकडे पाठवली की त्यांच्या टेबलावरचे काम संपते, आणि प्रलंबित ठेवली तर आठवड्याच्या बैठकीत त्यांनाच उभे राहावे लागते. बैठकीत विचारले जाते ते प्रलंबित किती एवढेच. निकाली निघालेल्यांपैकी एखादी उचलून तक्रारदाराला फोन लावून पाहिला, असे घडल्याचे मला कोणी सांगितले नाही. बँकेत आम्ही शाखेच्या ताळेबंदावर विसंबून राहत नसू. शंभर कर्जखात्यांतली पाच काढून थेट कर्जदाराच्या दारात जात असू, आणि त्या पाचांवरून उरलेल्या पंच्याण्णवांची कल्पना येत असे. नगरपरिषदेत पाच फोनांचे हे काम एका सकाळचे आहे.

वास्तविक हा विचार सरकारच्या कागदांत फार आधीच येऊन गेला आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरांच्या सेवा मोजण्यासाठी एक पुस्तिका काढली. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी तीत मिळून २८ निर्देशांक ठरवले आहेत. नऊ पाण्याचे, नऊ मलनिस्सारणाचे, आठ कचऱ्याचे आणि दोन निचऱ्याचे. पुढे तेराव्या वित्त आयोगाने, म्हणजे २०१० ते २०१५ या काळात, हे आकडे आणि पुढच्या वर्षाची उद्दिष्टे दरवर्षी ३१ मार्चपर्यंत राजपत्रात छापणे ही अनुदानाच्या एका हिश्श्यासाठी अट ठेवली, आणि तेव्हापासून आमच्यासारख्या लहान नगरपरिषदांतही हे तक्ते भरले जाऊ लागले. पाण्याच्या तक्रारींपैकी ८० टक्के चोवीस तासांत मिटाव्यात, असे त्यातले एक मानक आहे. मला जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली ती मात्र मानकाच्या आकड्यात नसून त्याखालच्या बारीक मजकुरात आहे. तक्रारीचे समाधानकारक निवारण झाल्याची खात्री खुद्द तक्रारदाराने लेखी द्यावी आणि ज्या नमुन्यात तक्रारीचा मागोवा ठेवला जातो त्यातच ती घ्यावी, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे तक्रारदाराच्या सहीशिवाय ‘निकाली’ हा शब्दच वापरता येऊ नये. आमच्याकडचा तक्ता याच पुस्तिकेवरून भरला जातो, तक्रार निवारणाचा आकडाही त्यात डौलाने बसलेला आहे, फक्त सही घेण्याचा रकाना वाटेत कुठेतरी गळला आहे.

त्याच तक्त्यात पाणी किती वेळ येते याचाही रकाना आहे, आणि मी सर्वांत जास्त वेळ तिथेच अडकलो. आमच्या गल्लीत पाणी दिवसाआड येते, ते पन्नास मिनिटांच्या आसपास. रोजची सरासरी काढली तर पंचवीस मिनिटे होतात. तक्त्यात रोजचे सरासरी दोन तास लिहिले आहेत. हा आकडा कोठून आला, असे मी पाणीपुरवठा विभागात विचारले तेव्हा तिथल्या सहायकांनी कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले, “साहेब, आपल्या भागाची टाकी दोन तास चालते ना, तेच लिहितो.” टाकी दोन तास रिकामी होत असते हे खरेच आहे, पण त्या दोन तासांत ती आळीपाळीने तीन भागांना पाणी देते, आणि एक दिवस सोडून देते. मोजायचे नळावर, मोजले टाकीवर.

पुस्तिकेची व्याख्या तर याहून कडक आहे. पाणी दाबाने आले तरच तो वेळ धरायचा, आणि दाब म्हणजे जोडणीच्या फेरूलपाशी, म्हणजे मुख्य वाहिनीतून घरची नळी जिथे फुटते तिथे, पाणी किमान ७ मीटर उंच चढेल इतका, ज्याने एकमजली घराला मोटारीवाचून पाणी मिळावे. आमच्या गल्लीत पाणी सुटल्याची चाहूल नळाच्या आवाजाने लागत नाही, ती आठ-दहा घरांच्या मोटारी एकाच वेळी घरघरू लागल्या की लागते. ज्याची मोटार उशिरा सुरू झाली त्याच्या हौदात शेवटी शेवटी हवाच येते. ही व्याख्या अक्षरशः लावली तर आमच्या भागाचा पाणीपुरवठ्याचा वेळ शून्य भरेल, आणि शून्य लिहिण्याची छाती कोणत्याही अभियंत्याची होणार नाही हे मी समजू शकतो.

दरडोई पाण्याचा आकडा मी उलगडून पाहिला. मानक १३५ लिटरचे आहे आणि आमचा आकडा त्याच्या अगदी जवळ जातो. रीत अशी, की पंपाच्या पाटीवर लिहिलेली क्षमता घ्यायची, तिला पंप चालल्याच्या तासांनी गुणायचे आणि लोकसंख्येने भागायचे. पंप जुना आहे आणि पाटीइतके पाणी उचलत नाही. उचललेले पाणी मोजणारा मोठा मीटर बंद आहे. आणि भागाकारातली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची आहे, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. गावाच्या दोन बाजूंना या काळात केवढी वस्ती वाढली ते बसस्थानकावर उतरणाऱ्या पाहुण्यालाही दिसते. वरचा आकडा फुगलेला आणि खालचा जुना, तेव्हा उत्तर चांगलेच येणार. गळतीचे आणि हिशेबाबाहेरच्या पाण्याचे तर विचारू नये. त्याचे मानक २० टक्क्यांपर्यंतचे आहे, आणि मोठा मीटर बंद व घरोघरी मीटर नाहीत अशा स्थितीत जो आकडा लिहिला जातो तो वर्षानुवर्षे तोच आहे. बँकेत एखाद्या शाखेची थकबाकी तीन वर्षे एका रुपयानेही हलली नसती तर मी तिसऱ्याच दिवशी तिथे मुक्कामाला गेलो असतो.

पुस्तिका लिहिणाऱ्यांना ही मानवी प्रवृत्ती ठाऊक होती, असे म्हणावे लागते. प्रत्येक आकड्यापुढे तो किती भरवशाचा आहे याची श्रेणी लिहायची सोय त्यांनी ठेवली आहे. पाण्याच्या वेळेसाठी व्हॉल्व्हच्या जागी प्रत्यक्ष ठेवलेल्या नोंदी वरच्या श्रेणीत येतात आणि अभियंत्याने अंदाजाने सांगितलेले तास सर्वांत खालच्या श्रेणीत. मला ही कल्पना त्या साऱ्या खटाटोपातली सर्वांत शहाणी वाटते. आकडा कमी असल्याची लाज वाटते म्हणून माणूस तो फुगवतो, पण ‘हा अंदाज आहे’ एवढे लिहायला लाज वाटायचे कारण नाही, आणि तेवढे लिहिले तरी वाचणारा सावध होतो. आमच्या नगरपरिषदेने जो तक्ता संकेतस्थळावर टाकला आहे त्यात आकडे आहेत, उद्दिष्टे आहेत, श्रेणीचा रकाना नाही.

आता व्हॉल्व्हच्या जागच्या नोंदींबद्दल. राज्य शासनाच्या २०१८ च्या एका निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. माहिती अधिकाराचा अर्ज, मग तीस दिवसांची वाट, मग अपील, या फेऱ्यात न पडता समोर बसून दप्तर उघडता येते. गावात फार थोड्यांना हे माहीत आहे, आणि पहिल्या सोमवारी मी गेलो तेव्हा आवक-जावकच्या टेबलावरच्या बाईंनीही एकदा आत जाऊन विचारून घेतले. त्यानंतर मात्र मला खुर्ची मिळाली, पाणी मिळाले आणि व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याची नोंदवहीही मिळाली.

ती वही पाहताक्षणी माझ्या लक्षात आले की ती वही नाहीच. प्रत्येक दिवशी आमच्या भागाचा व्हॉल्व्ह सकाळी ६.०० ला उघडलेला आणि ८.०० ला बंद केलेला. सणाच्या दिवशी तेच, वीज गेलेल्या दिवशी तेच, मुख्य वाहिनी फुटून तीन दिवस गावात टँकर फिरत होते त्या दिवशीही तेच. शाई एक, अक्षर एक, आणि ओळी अशा सरळ उतरत्या की एका बैठकीत सबंध महिना लिहिला असावा. रोजच्या रोज भरलेल्या वहीत कधी पेन बदलते, कधी घाईत अक्षर वाकडे जाते, पावसाळ्यात पानाला ओल लागते. या वहीला काहीच लागलेले नव्हते.

खरी वही मला दोन दिवसांनी रस्त्यावर सापडली. आमच्या भागाचे व्हॉल्वमन पहाटे सायकलला लांब दांड्याची चावी बांधून येतात. चौकातल्या चेंबरचे झाकण ते उघडत असताना मी सहज विचारले, तर त्यांनी शर्टाच्या खिशातून घामाने मऊ पडलेली छोटी वही काढली. त्यात भागाचे नाव, सोडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि पुढे एखादा शब्द. ‘५.४० ते ६.३०.’ ‘लाईट नाही.’ ‘टाकी अर्धी.’ ‘वरच्या आळीत पोचले नाही, १५ मि. जादा.’ एका दिवशी नुसते ‘भांडण’ असे लिहिले होते; खालच्या आळीतल्या एका गृहस्थांनी त्यांना व्हॉल्व्ह बंद करू दिला नव्हता. मी विचारले, “दादा, ही वही ऑफिसात देता का?” ते म्हणाले, “ऑफिसात कोण मागतंय? लोक अंगावर येतात ना, कुणाला किती दिलं ते दाखवायला ठेवतो.” ज्या नोंदीला पुस्तिका वरची श्रेणी देते ती नोंद आमच्या गावात अस्तित्वात आहे, रोजची आहे आणि प्रामाणिक आहे. ती एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी ठेवलेली आहे आणि तक्ता भरणाऱ्याच्या टेबलापर्यंत ती कधी पोहोचलेली नाही.

या साऱ्या आकड्यांचा आढावा घेणारे सभागृह म्हणजे सर्वसाधारण सभा. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपल्यावर निवडणुका रखडल्या आणि त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात आमच्याकडे मुख्याधिकारीच प्रशासक होते. प्रस्ताव ठेवणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकच माणूस असला की प्रश्न विचारायचा कोणी, हा त्या वर्षांतला खरा पेच होता, आणि त्याचा दोष त्या व्यक्तीवर टाकणे योग्य होणार नाही. निवडणुकीनंतरच्या एका सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो. सेवांचा आढावा विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा होता, ‘अवलोकनार्थ’ या शब्दासह. त्याआधी एका रस्त्याच्या नामकरणावर पाऊण तास चर्चा झाली. आढाव्याचा विषय आला तेव्हा पिठासीन अधिकाऱ्यांनी “वाचला असे समजायचे का?” असे विचारले, सभागृहाने माना डोलावल्या आणि विषय संपला. एका नव्या नगरसेविकेने मात्र “आमच्या प्रभागात दोन तास पाणी कुठं येतंय?” असा प्रश्न केला. तिला लेखी उत्तर देण्याचे आश्वासन मिळाले. मला त्या बाईंचा फार आदर वाटला, कारण तक्ता वाचून आलेल्या त्या एकट्याच होत्या, हे प्रश्नावरूनच कळत होते.

बाहेरून होणाऱ्या तपासण्यांबद्दल थोडे. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ पासून चालू आहे, आणि त्याच्या आधी भिंती रंगतात, शौचालयांना कुलपाऐवजी साबण मिळतो, ही चेष्टा गावोगाव ऐकू येते. ती खरी असली तरी एकांगी आहे. बाहेरचा माणूस येऊन जागेवर पाहतो आणि नागरिकाला विचारतो, याचा धाक किती उपयोगी पडतो ते महाराष्ट्रातल्या लहान शहरांनीच दाखवले. एक लाखाखालच्या शहरांच्या गटात २०२० मध्ये कराड, २०२१ मध्ये विटा आणि २०२३ मध्ये सासवड देशात पहिले आले. आमच्याकडे या सर्वेक्षणापायी घरोघरी कचऱ्याच्या नोंदीचे क्यूआर कोड चिकटवले गेले. माझ्या फाटकावरचा कोड दोन उन्हाळ्यांत पार उडून गेला, तो आता कोणत्याच फोनला वाचता येत नाही, आणि घंटागाडी रोज न चुकता येत असूनही नोंदीत माझ्या घरचा कचरा कित्येक महिने उचललेलाच नाही. इथे कागद कामापेक्षा वाईट आहे. नगरपरिषद नेहमी आपल्या बाजूनेच खोटे लिहिते असा माझा जो समज होत चालला होता, तो या फाटकाने मोडला.

लेखापरीक्षणाकडून फार अपेक्षा ठेवू नये. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल मी चाळले. निविदा नियमाने काढली का, देयकावर मोजमाप पुस्तिकेचा संदर्भ आहे का, हे ते कसोशीने पाहतात, पण त्या देयकातून बसवलेला पंप चालतो का, हा त्यांचा प्रश्नच नसतो. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या कार्यालयीन सुधारणा मोहिमेने आमच्या संकेतस्थळावरचे निवृत्त अधिकाऱ्यांचे दूरध्वनी जाऊन चालू अधिकाऱ्यांचे आले, एवढा फायदा मी मान्य करतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबींचे पानही तेव्हाच अद्ययावत झाले.

गुण द्यायचेच झाले तर दाखल्यांच्या देखरेखीला मी चार दिले आहेत, तक्रारींच्या मोजणीला एकावर देता येत नाही, आणि पाण्याच्या तक्त्याला अर्धा देतो, तोही सहायकांच्या खरेपणासाठी. सोमवारच्या दप्तर-पाहणीला मात्र पूर्ण पाच. ज्यांना आपल्या गावी हा प्रयोग करायचा असेल त्यांनी तीनच्या ठोक्याला जावे, कारण चार वाजता चहाची वेळ होते आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते उठून जातात. सोबत चष्मा, कोरे कागद आणि आपल्या भागात वाहिनी फुटल्याच्या किंवा वीज गेल्याच्या दोन-तीन पक्क्या तारखा न्याव्यात. नोंदवहीत आधी त्या तारखा काढून पाहाव्यात, उरलेली पाने मग उलटावीत.

व्हॉल्वमनच्या वहीतल्या दोन महिन्यांच्या वेळा मी त्यांच्या परवानगीने उतरवून घेतल्या आणि त्या नगरसेविकेला नेऊन दिल्या. वहीच्या मालकाचे नाव त्यावर घातले नाही. वही भरत आली होती म्हणून मी व्हॉल्वमनना विचारले की नवी भांडार विभागातून मिळते का. ते हसले. बसस्थानकाजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून ते दर चार महिन्यांनी स्वतःच्या पैशाने एक आणतात, आणि जाड पुठ्ठ्याचीच आणतात, कारण पातळ पुठ्ठ्याची चेंबरच्या पाण्यात भिजते.